तोच हा कशावरून? परगावी गेलेल्या पूर्वजांचा माग

(भोंगवली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आमचा विषय तत्त्वज्ञान. ‘ज्ञान म्हणजे काय, आणि एखादी गोष्ट आपल्याला कळली असं कधी म्हणायचं’ हे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवले. निवृत्त झाल्यावर मोडी शिकलो, आणि त्या एवढ्याशा भांडवलावर लोक आमच्याकडे भलतेच काम घेऊन येऊ लागले. ‘सर, पणजोबा गिरणीत होते. मूळ गाव भोर भागातलं, एवढंच माहीत आहे. शोधून द्या.’ २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला तर अचानक भाव आला. पण दाखल्यासाठी येणारे आणि नुसते ओढीने येणारे, दोघांचा प्रश्न शेवटी एकच असतो. कागदावर एक महादू सापडतो. घरच्या आठवणीतही एक महादू असतो. तोच हा कशावरून?

हा प्रश्न आमच्याच विषयाचा निघाला. आपल्या दर्शनांत ‘तोच हा देवदत्त’ हे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या चघळले गेले आहे. तेव्हा तिथे पाहिलेला देवदत्त आणि आत्ता इथे दिसणारा देवदत्त एकच, असे आपण ओळखतो तेव्हा नेमके काय करतो? ‘तेव्हा-तिथे’ आणि ‘आत्ता-इथे’ हे भेद बाजूला ठेवतो आणि माणूस एक धरतो. जिवंत माणसाच्या बाबतीत हे डोळ्यांना जमते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्याच्या बाबतीत कोणता भेद बाजूला ठेवायचा आणि कोणता ठेवायचा नाही, सगळी मेख तिथे आहे.

या कामात चांगले मुरलेले लोक म्हणजे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आयरिश कुटुंबांचे वंशज. म्हणून आधी त्यांच्याकडे जाऊ, मग मॉरिशसला, आणि मग परत भोंगवलीत.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथीने गेली, आणि तितक्याच किंवा त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. अमेरिकेचे भाडे ज्यांना परवडले नाही असे पुष्कळ जण समुद्र ओलांडून लिव्हरपूल, मँचेस्टर, लंडनला उतरले. गोदीत, गिरणीत, रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या कामावर लागले. १८५१ च्या शिरगणतीत इंग्लंड आणि वेल्समध्ये आयर्लंडात जन्मलेले सुमारे ५ लाख २० हजार लोक नोंदले गेले. आपल्याकडे कोकणातून आणि घाटावरून माणूस मुंबईला गेला, तसेच हे. पोट घेऊन गेला, महिन्या-दोन महिन्यांत परत येईन म्हणाला, आणि नातवंडे तिथलीच झाली.

आता या नातवंडांची अडचण पाहा. इंग्लंडच्या शिरगणतीत इंग्रज माणसाच्या नावापुढे त्याचे जन्मगाव लिहिलेले सापडते. आयरिश माणसापुढे पुष्कळदा एकच शब्द: ‘आयर्लंड’. लिहिणाऱ्याला तेवढेच पुरेसे वाटले. मुंबईत कोणी आपल्या आजोबांना ‘घाटी’ म्हणून मोकळा होत असे, तशातलाच प्रकार. आणि आयर्लंडात साठ हजारांहून अधिक वाड्या आहेत. आपल्या वाडीसारखाच तो गावाचा लहानात लहान तुकडा. वाडीचे नाव कळले नाही तर शोध बसला.

बरे, आयर्लंडला जाऊन तिथली दप्तरे उलटावीत, तर १९२२ च्या यादवीत डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना जळून गेला. १८२१ ते १८५१ या चार शिरगणत्या त्यात जवळजवळ पूर्ण गेल्या. नंतरच्या चार सरकारनेच नष्ट करून टाकल्या होत्या. पूर्ण हाती लागतात त्यांत सर्वांत जुन्या १९०१ आणि १९११ च्या. मग हे लोक काय करतात? जमिनीच्या कर-आकारणीची यादी वापरतात, चर्चच्या लग्नाच्या वह्या पाहतात, थडग्यावरचा मजकूर वाचतात. आणि मुख्य म्हणजे जिथे माणूस पोचला तिथले कागद आधी संपवतात. मूळ गावाकडे शेवटी जातात. हा त्यांचा पहिला धडा: माग काढायचा तो पोचल्या जागेपासून मागे.

दुसरा धडा आमच्या शास्त्राच्या भाषेत सांगतो. मीमांसकांनी आणि नैयायिकांनी ‘नसणे कसे कळते’ यावर फार बारीक विचार केला आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तिथे घडा नाही, असे आपण म्हणतो. पण अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही तर ‘घडा नाही’ म्हणता येईल का? नाही. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असली तरच न दिसणे हा पुरावा होतो. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट साधी आहे. दप्तर जळाले असेल, भिजले असेल, तर त्यात नाव न सापडणे म्हणजे अंधाऱ्या खोलीत घडा न दिसणे. त्यावरून ‘तुमचे कोणी इथले नव्हतेच’ असे म्हणायचा अधिकार कोणाला नाही.

आणि आपल्याकडेही खोल्या अंधाऱ्या झाल्या आहेतच. शेजारच्या वेल्ह्यातले पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटले, पुण्याच्या पेठांत पाणी शिरले, घरोघरच्या ट्रंकांतले कागद चिखल होऊन गेले. भाटघरच्या धरणाखाली गावेच्या गावे उठली. कागद जळायला लढाईच लागते असे नाही.

आता मॉरिशस. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अॅटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला पोचले. गुलामगिरी संपत होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे करारावर तिथे उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, पण मुंबई बंदरातूनही गेली. त्यांत मराठी बोलणारे होते, मुख्यतः कोकणातले, आणि घाटावरचेही. आजही तिथे मराठी कुटुंबे गणपती बसवतात, आणि कोकणच्या जाखडीचा नाच ‘झाकरी’ या नावाने जिवंत आहे. माणसे जिथे उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे.

या माणसांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. प्रत्येक माणसाला एक क्रमांक. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, गाव. सगळ्या वर्षांच्या वह्या सारख्या तपशिलाच्या नाहीत, पण पुष्कळ मिळते. १८६० च्या दशकापासून तर मजुराच्या ओळखपत्रावर फोटो. हे सारे प्रेमापोटी केलेले नाही बरं का. माणूस मळ्यातून पळाला तर धरता यावा म्हणून ही नोंद. पहारेकऱ्याने ठेवलेली वही आज पणतवंडाच्या उपयोगी पडते आहे.

पण त्या वहीतून मराठी गावापर्यंत यायचे तर तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा नावाचा. आपल्याकडे आडनाव सर्वांनी सर्रास लावण्याची रीत तेव्हा नव्हती. जुन्या कागदात ‘राणू बिन महादू’ असते. ‘बिन’ म्हणजे मुलगा. बाई असेल तर ‘सखू कोम गणू’, म्हणजे गणूची बायको. मॉरिशसमध्ये बापाचे नाव किंवा स्वतःचेच नाव पुढच्या पिढीचे आडनाव होऊन बसले, तेही इंग्रज-फ्रेंच कानांना ऐकू आले तसे. त्यामुळे मॉरिशसचे आडनाव घेऊन भोर तालुक्यात त्या आडनावाची भावकी शोधणे व्यर्थ. ते आडनाव म्हणजे एका माणसाचे पाळण्यातले नाव असण्याचीच शक्यता जास्त.

दुसरा खड्डा मुलुखाचा. भोर हे पंतसचिवांचे संस्थान, ८ मार्च १९४८ ला विलीन होईपर्यंत वेगळे. सातारचे राज्य १८४८ मध्ये इंग्रजांनी खालसा केल्यावर भोर, फलटण, औंध, जत, अक्कलकोट या साताऱ्याच्या जहागिरी म्हणून ओळखल्या जात. म्हणजे आज पुणे जिल्ह्यातला म्हणवणारा माणूस तेव्हा स्वतःला सातारकडचाही म्हणाला असेल, भोर संस्थानचाही. लिहिणाऱ्याने जे ऐकले ते लिहिले. आज वेल्हे तालुक्याला राजगड म्हणायचे ठरले आहे. शंभर वर्षांनी कोणी शोधत येईल तेव्हा त्याला दोन्ही नावे माहीत असावी लागतील.

तिसरा खड्डा वयाचा. आपल्यापैकी किती जणांचा वाढदिवस एक जूनला असतो? हात वर करा. बघा, निम्मी सभा! मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली ती तारीख. मग दीडशे वर्षांपूर्वीच्या ‘वय २५’ ला किती चिकटून बसायचे ते ओळखा. पाच वर्षांचा फरक सोडून द्यावा. वीस वर्षांचा सोडू नये.

हे आम्ही शहाणपणाने सांगतो आहोत, पण शिकलो ते चूक करून. मुंबईचे एक कुटुंब आले होते. पणजोबांचे नाव, त्यांच्या बापाचे नाव आणि गावाचे नाव, तिन्ही एका फेरफारात जुळले. आम्ही म्हटले, हेच! त्यांनी त्या भावकीत येऊन जागरण-गोंधळ घातला, देवळाला घंटा दिली. पुढे वर्षभराने आम्हाला गावच्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात त्यात, तोच माणूस १९१८ च्या साथीत वारल्याची नोंद सापडली. ज्यांचे पणजोबा १९३० साली गिरणीत कामाला होते, त्यांचा हा पूर्वज असणे शक्यच नव्हते. एका गावात एका नावाची दोन माणसे असू शकतात, हे साधे आम्ही विसरलो. कारण सापडावे अशी घाई आम्हालाच झाली होती. त्या कुटुंबाला फोन करताना जे वाटले ते सांगत नाही. त्या भावकीतले म्हातारे मात्र म्हणाले, ‘आता घंटा बांधलीये ती काय सोडायचीय? रक्ताचे नसतील, तर पाहुणे समजू.’

तेव्हापासून आमचा नियम असा. नाव जुळले की ती सुरुवात समजायची. नावासोबत निदान दोन स्वतंत्र साक्षी हव्यात, आणि विरोधात एकही न सुटलेली गोष्ट नको. साक्षी कोणत्या? संगत ही सर्वांत मोठी. माणूस क्वचित एकटा जातो. मॉरिशसच्या वहीत आपल्या क्रमांकाच्या मागचे-पुढचे क्रमांक पाहावेत. त्याच गावचे, त्याच जातीचे कोणी दिसतात का? मुंबईत असेल तर ज्या खोलीत गावची दहा-पंधरा माणसे मिळून राहायची, त्यांतल्या दुसऱ्या कोणाचे घर आज माहीत आहे का? गावच्या मुंबई मंडळाची जत्रेच्या वर्गणीची वही आहे का? वर्गणी न देणारा गावकरी मुंबईत सापडणे कठीण! दुसरी साक्ष देवाची. आडनाव बदलते, भाषा बदलते, पण कुलदैवत आणि लग्नातले देवक सहसा बदलत नाही. तिसरी साक्ष गावाकडची: शाळेचे जनरल रजिस्टर, फेरफार आणि वारस नोंदी, त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्या, आणि ज्या घराण्यांकडे हेळवी येतात त्यांनी सांगितलेली वंशावळ. पेशवे दप्तर म्हणून ओळखले जाणारे पुण्याचे पुराभिलेखागार आहेच, पण तिथे गावाचे जुने नाव आणि परगणा माहीत असल्याशिवाय जाऊ नये. रुमालांच्या ढिगात हरवाल.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी मॉरिशसहून एक नवरा-बायको आले. सोबत नोंदवहीच्या पानाची प्रत. बाईंना आपल्या खापरपणजीचे गाव शोधायचे होते. प्रतीवर त्या खापरपणजीचे स्वतःचे नाव होते, बापाचे नाव होते, उंची होती, कपाळावरची गोंदणाची खूण होती, स्वतःचा क्रमांक होता. नवऱ्याचा क्रमांक वेगळा. आम्ही त्यांना घेऊन एका गावी गेलो. गावातल्या एका जाणत्याने घराण्याची वंशावळ काढली. सात पिढ्या, छान लिहिलेली. महादू, त्याचे चार मुलगे, त्यांचे मुलगे. बाईंनी विचारले, ‘या महादूला मुली होत्या का?’ ते गृहस्थ म्हणाले, ‘असतील की. त्या कशाला लिहितो आपण?’

मंडळी, आम्ही तिथे खाली मान घालून बसलो. परक्या सरकारने पळून जाऊ नये म्हणून ठेवलेल्या वहीत तिचे नाव होते. आपण प्रेमाने, देवघरात जपलेल्या वहीत ते नव्हते. आयरिश लोक म्हणतात आमचे कागद जळले. आपले अर्धे कागद जळलेले नाहीत, ते लिहिलेच गेले नाहीत. घडा दिसत नाही, कारण त्या कोपऱ्यात आपण दिवाच नेला नाही. वंशावळीत मुलगी नाही म्हणून ‘महादूला मुलगी नव्हती’ असे म्हणता येत नाही, हे तर्कशास्त्राने ठीकच. पण तिचे घर शोधत तिची खापरपणती समुद्र ओलांडून येते आणि तिला दाखवायला आपल्याकडे रेघसुद्धा नसते, हे तर्कशास्त्रापेक्षा मोठे दुखणे आहे.

दुसरीही एक गोष्ट त्या दिवशी पाहिली. जीप थांबल्याबरोबर एकाने हळूच विचारले, ‘हिस्सा मागायला आलेत का?’ या प्रश्नाला हसू नका. जमीन थोडी, वाटेकरी फार, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतका झाला. गावाला भीती वाटते, ती समजण्यासारखी आहे. पण त्या भीतीपोटी ओळख नाकारली जाते, माहीत असलेले ‘माहीत नाही’ होते. शोधायला येणाऱ्याने म्हणून उतरल्याबरोबर आपण कशासाठी आलो ते उघड सांगावे. आणि गावाने ओळख देणे आणि हिस्सा देणे या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवाव्यात. हक्काचा प्रश्न कायदा पाहील. ‘तू आमच्यातली होतीस’ एवढे म्हणायला सात-बारा लागत नाही.

ते गाव त्यांचेच ठरले का, असे विचाराल. नाही. त्याच नावाची दोन गावे निघाली, एक निरेच्या अलीकडे, एक पलीकडे. संगतीची साक्ष दोन्हीकडे सारखीच पडली. आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले की यापुढे ठाम बोललो तर ते खोटे होईल. बाई म्हणाल्या, दोन्ही गावांत जाऊ. गेल्या. दुसऱ्या गावात एका आजीबाईंनी काहीही न विचारता तांदूळ, खण-नारळ आणून त्यांची ओटी भरली. आम्ही म्हटले, ‘आजी, ही तुमच्याच गावची लेक की शेजारच्या, हे अजून ठरलं नाही.’ आजी म्हणाल्या, ‘कुण्या तरी गावची माहेरवाशीणच हाय ना?’

आमच्या शास्त्रात याला उत्तर नाही. ‘तोच हा’ हे सिद्ध करणे आमचे काम, आणि ते सिद्ध न होताही माणसाला दारात घेणे त्या आजींचे काम. दोन्ही कामे लागतात. फक्त एकाचे दुसऱ्यात मिसळू नये. ओटी भरली म्हणून पुरावा झाला असे नाही, आणि पुरावा नाही म्हणून ओटी भरायची नाही, असेही नाही.

शेवटी एक मागणे. आज घरी गेल्यावर घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसा. चुलत्याजवळ नंतर बसा, त्याला मुलग्यांची नावे पाठ असतात. बाईला विचारा: आजी, तुझं माहेर कोणतं? तुझ्या आईचं माहेर कोणतं? या घरातून कोण कोण बाहेर गेलं, कोणाबरोबर गेलं, आणि शेवटचं पत्र किंवा निरोप कुठून आला? ती सांगेल तसे लिहा, तिच्याच शब्दांत. वंशावळीत लेकींना आणि सुनांना ओळ द्या, सुनेचे माहेरचे नाव लिहा. खाली तारीख घाला, आणि कोणी सांगितले ते लिहा. चुकीचे असेल तर पुढचा दुरुस्त करील. लिहिलेच नसेल तर दुरुस्त काय करणार?

उद्या कोणी परक्या मुलखातून एक कागद घेऊन भोंगवलीच्या एसटी थांब्यावर उतरेल, आणि एका बाईचे नाव वाचून ‘ही तुमच्यातली का?’ असे विचारेल. त्या दिवशी आपल्याकडे निदान पाहायला एक वही असू द्या.

 कोणी जुने कागद आणले असतील तर आता चहा घेता घेता पाहू.